नव्या भाताची अट

डहाणू कोर्टातली मध्यस्थीची खोली माझी. कागदावर नाही, पण जुन्या फायली उपसून ती रिकामी करून घेतली मी, पंख्यासाठी अर्जांवर अर्ज केले मी, आणि कुणी वर-खाली बसू नये म्हणून गोल टेबल शोधून आणलं तेही मीच. वर्षभरात तलासरीहून एक वकीलबाई आली, वकिलीत माझ्याहून बारा वर्षांनी मागे, आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली. मूळची तिथल्याच झरी गावची. पक्षकारांशी वारलीत बोलायची, गुजरातीत हुज्जत घालायची, आणि तिच्याकडे गेलेली प्रकरणं मिटायची. मिटली की माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू?

पावसाळा सरताना कैनाडचे दोन भाऊ माझ्याकडे आले. थोरल्याने कुंपण घालून धाकट्याची शेतावर जायची वाट अडवली होती. टेबलाशी दोघंही मुके. मग रीतीप्रमाणे मी एकेकाला वेगळं घेतलं. थोरला शेवटी बोलला, "आमच्याकडं नवा भात देवाला दाखवून सगळे एका पंगतीत जेवतात. देव माझ्या घरात. हा दोन वर्षं आला नाय, म्हणून आई नव्याला शिवत नाय. यंदा जेवायला आला तर कुंपण काढतो. सांगा त्याला."

धाकटा तोवर बस चुकेल म्हणून निघून गेला होता. पुढच्या तारखेला सांगू म्हटलं. त्याआधीच जजसाहेबांनी फाइल तिच्याकडे दिली. म्हणाले, "भाषेची अडचण असेल, मॅडम बघतील." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

ती मला विचारायला आली. "सर, थोरला काही बोलला होता का?"

"वेगळ्या बैठकीतलं सांगता येत नाही. ट्रेनिंगला शिकवलं नाही का?"

नियम खरा होता. पण 'सांगा त्याला' म्हणून दिलेल्या निरोपाची कसली आलीय गुप्तता? मला ती तोंडावर आपटायला हवी होती, बस.

तिच्या दोन तारखा वाया गेल्या. त्या दिवसांत मला कोर्टातला पाणचट चहाही गोड लागायचा. तेवढ्यात हळवा, म्हणजे लवकर पिकणारा भात कापून झाला, गावात नवं खाऊन झालं.

तिसऱ्या तारखेला तिने दोघांना माझ्या टेबलावरून उठवलं, मागच्या ओट्यावर बसवलं आणि त्यांच्या आईला बोलावून घेतलं. मला पहिल्या दिवशीच कळलेली गोष्ट म्हातारीच्या तोंडून निघाली. तासाभरात सह्या झाल्या.

मी व्हरांड्यातून चाललो होतो. थोरल्याने मला थांबवलं. "साहेब, तुम्हाला तर तेव्हाच सांगितलं होतं. याला कळलं असतं तर आई यंदा नवं खाती. आता दिवस गेला तो गेला. पुढल्या साली खाईल, तोवर टिकली तर."

ती शेजारीच उभी होती. तिने सगळं ऐकलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हातारीला हात धरून पायऱ्या उतरवायला गेली. मला काही बोलली नाही. बार रूममध्येही कुणापाशी बोलली नाही. तिच्या जागी मी असतो तर दुपारपर्यंत अख्ख्या कोर्टाला सांगून मोकळा झालो असतो. आता मला तिच्या त्या गप्प राहण्याचाही हेवा वाटतो.