काचेखालची चिठ्ठी

मी एका तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थी विभागात एकवीस वर्षं काम करतो. शेवटची सहा वर्षं कार्यालय अधीक्षक म्हणून. माझ्या टेबलावर जाड काच आहे आणि काचेखाली परिपत्रकं. कुणी हुज्जत घालायला लागलं की मी काही बोलत नाही, काचेवर बोट ठेवतो. एकवीस वर्षांत माझ्या हातून गेलेल्या दाखल्यात जन्मतारीख चुकली असं झालेलं नाही. याचा मला अभिमान होता. घरीही मी तो अधूनमधून बोलून दाखवायचो.

दरवर्षी डिप्लोमाचा निकाल लागला की मुलं डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्यासाठी दाखले न्यायला येतात. दहा-बारा दिवस खिडकीपुढची रांग हटत नाही. गेल्या वर्षीच्या आधीच्या वर्षी त्या रांगेत ती उभी होती. मेकॅनिकलची विद्यार्थिनी, शहाऐंशी पूर्णांक चाळीस टक्के. आमच्या रजिस्टरात तिची नोंद मुलगा म्हणून होती आणि मीही तोवर तिला 'अरे' म्हणूनच हाक मारायचो.

तिनं अर्ज पुढे केला. सोबत जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं तृतीयपंथी ओळखपत्र होतं, त्यावर तिचं नवं नाव. तिला दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी कॉलेजात जागा लागली होती. तिथल्या वसतिगृहानं तिला वेगळी खोली द्यायचं कबूल केलं होतं. प्रवेश पक्का करायला तीन दिवस उरले होते. तिथल्या लोकांना एवढंच हवं होतं की शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आम्ही एक शेरा द्यावा: जुनं नाव आणि नवं नाव एकाच व्यक्तीचं आहे. एका ओळीचा शेरा.

मी काचेवर बोट ठेवलं. कोपऱ्यात माझ्या हस्ताक्षरातली चिठ्ठी होती: 'नावात कोणताही बदल असल्यास अर्जावर पालकाची सही आवश्यक.'

"सर, मी वीस वर्षांची हाय."

"वय काही असू दे. नियम सगळ्यांना सारखा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सही घेऊन आली. मूळ कागदपत्रंही तिनं पडताळणीसाठी जमा केली: गुणपत्रकं, जातीचा दाखला, जात पडताळणी प्रमाणपत्र, ओळखपत्र. एकूण सात. मी यादी केली आणि सवयीप्रमाणे पहिल्या वर्षाचा प्रवेश अर्ज काढून वडिलांची सही शेजारी धरली. जुन्या सहीत शेवटचं अक्षर खाली ओढलेलं होतं. नव्यात नव्हतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तेव्हा कुणी विचारली असती तर नाकारली असती. राखीव जागांच्या फाइली मी दोनदा बघायचो. बाकीच्या एकदा. तसा आदेश कुणी दिलेला नव्हता. ती बौद्ध कुटुंबातली, गाव हातकणंगल्याजवळ, वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डर, ओतकामाचे वाळूचे साचे करणारे. ती आमच्या पाटलाबिटलाच्या घरातली असती तर मी जुनी फाइल कपाटातून काढली असती का, याचं उत्तर मला माहीत आहे.

"ही सही वडिलांची नाही," मी म्हणालो.

ती खिडकीजवळ वाकली. आवाज खाली आणून म्हणाली, "मीच केलीय सर. घरात कुणाला ठावं न्हाय. आईला थोडं ठावं हाय. मी तिकडं पोचले की मग सांगणार हाय."

"मग तर मला विचारायलाच पाहिजे त्यांना."

"फोन नका करू सर. हात जोडते. तुमी शेरा देऊ नका, चालंल. मी तिकडं दुसरं कायतरी बघते. फक्त फोन नका करू."

"उद्या ते इथं येऊन मला विचारतील. तेव्हा मी काय सांगू?"

अर्जावर वडिलांचा नंबर होता. मी तो लावला. रिंग पाच वेळा वाजली. पाच रिंगा म्हणजे वीस-पंचवीस सेकंद तरी होतात. तेवढ्यात फोन ठेवता आला असता. पहिल्या दोन रिंगांत ती खिडकीपाशी होती. तिसऱ्या रिंगेला ती दारापर्यंत गेली. मी तिच्याकडे बघत होतो आणि फोन कानाला धरून होतो.

"व्हय सायेब, बोला की," पलीकडून आवाज आला. मागं कारखान्याची घरघर होती, म्हणून मी मोठ्यानं बोललो. खिडकीपुढची रांग ऐकत होती. मी अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला: जुनं नाव, नवं नाव, लिंग या रकान्यात काय लिहिलंय ते. मग विचारलं, "या अर्जावर तुमची सही आहे का?"

मागची घरघर कमी झाली, ते बाजूला गेले असावेत.

"पुन्यांदा वाचा सायेब."

मी पुन्हा वाचलं.

माझ्या मोबाईलमध्ये त्या फोनची नोंद अजून आहे. तीन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद.

वडील दुसऱ्या दिवशी पाळी संपवून तसेच आले. कोपरापर्यंत हात काळ्या वाळूनं भरलेले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. वाटलं होतं ओरडतील. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "तुमी फोन केला म्हून कळलं सायेब. न्हाईतर गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायली नसती. लई उपकार झालं." मग म्हणाले, "कागदं माझ्याकडं द्या. मी बघतो आता काय करायचं ते."

मी दिली. रजिस्टरात सातही कागदांची नोंद केली, त्यांची सही घेतली आणि जुन्या सहीशी ताडून पाहिली. शेवटचं अक्षर खाली ओढलेलं होतं. जुळली.

त्या दिवशी मी खुशीत घरी गेलो. हे लिहिताना हात थांबतो, पण तसंच झालं. जेवताना मी बायकोला सगळं सविस्तर सांगितलं. खोटी सही कशी पकडली तेही. ती भाकरी वाढता वाढता थांबली.

"वय किती त्या लेकराचं?"

"वीस."

"आपली लेक इथलं कॉलेज सोडून पुण्याला गेली, तवा दाखला कुणी काढला?"

"तिनंच."

"तुमची सही मागिटली हुती कुणी?"

"नाही."

"मग त्या लेकराच्या बापाची तुमाला काय पडलीती?" तिनं भाकरी ताटात टाकली. "सह्या तपासायची हौस एवढी, तर बँकेत जायचं की नोकरीला!"

मी म्हणालो, नियम आहे. ती म्हणाली, "असंल," आणि आत गेली.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी अकराच्या सुमारास ती आली. शर्ट-पँट घातलेली, केस कापलेले. ते तिनं स्वतः कापलेले नव्हते हे कळत होतं. मागं एका बाजूला टाळू दिसत होती.

"सर, माझी कागदं द्या. पाचपर्यंत मुदत हाय. दीडची गाडी धरली तर पोचतीय मी."

"वडिलांना दिली. त्यांची सही आहे." मी रजिस्टर फिरवून तिच्यापुढे केलं.

तिनं सही बघितली. रजिस्टर परत माझ्याकडे फिरवलं. "माझी कागदं तुमी दुसऱ्याला कुठल्या नियमानं दिली सर?"

मी काचेवर बोट ठेवलं. ती पहिल्यांदाच इतकी जवळ वाकली. कोपऱ्यातली चिठ्ठी वाचली, मग शेजारचं परिपत्रक वाचलं, त्याच्या शेजारचंही वाचलं.

"या सगळ्यांवर जावक नंबर हाय, तारीख हाय," ती म्हणाली. "तुमच्या चिठ्ठीवर न्हाय सर."

आणि गेली. पाच वाजता तिची जागा पुढच्या मुलाला गेली असणार.

मी त्या संध्याकाळपासून नियम शोधला. तीन दिवस, कपाटातल्या अकरा फाइली. सज्ञान विद्यार्थ्याच्या अर्जावर पालकाची सही घ्यावी असं कुठंही नव्हतं. खरं तर शोधायची गरज नव्हती. मला आठवत होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मुलानं आडनाव बदलून घेतलं, त्याचा बाप येऊन माझ्या अंगावर ओरडला. पुन्हा कुणी ओरडू नये म्हणून मी ती चिठ्ठी लिहून काचेखाली सरकवली होती. इतकी वर्षं मी मुलांना जो नियम म्हणून दाखवत होतो तो माझा घाबरटपणा होता. मी प्राचार्यांना जाऊन सांगितलं की ती चिठ्ठी काढतो. ते म्हणाले, "कुठली चिठ्ठी?"

पुढच्या महिन्यात मी तिच्या वडिलांना चार वेळा फोन केला. त्यांनी उचलला नाही. पाचव्यांदा उचलला. मी म्हणालो, कागदं तिची आहेत, परत करा, पुढच्या वर्षी तरी उपयोगी पडतील.

"सायेब," ते म्हणाले, "तुमीच सांगिटलं. आता तुमीच उलटं सांगताय व्हय? पोरगं घरातनं निघून गेलं. आता कागदं घिऊन मी काय करू आन् तुमी तरी काय करणार?"

त्यांचा आवाज फुटला. त्यांनी फोन ठेवला नाही.  शेवटी मीच ठेवला.

वर्ष गेलं. निकाल लागला, पुन्हा रांग लागली. एका सकाळी ती खिडकीपुढे उभी होती. अबोली रंगाचा कुर्ता, केस खांद्यापर्यंत वाढलेले. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात सात कागद. आईनं ट्रंकेतून काढून आणून दिले होते, असं तिनं नंतर सांगितलं. ती वर्षभर शहरात झेरॉक्सच्या दुकानात काम करत होती. आमच्या कॉलेजपासून तीन किलोमीटरवर.

"बसा," मी म्हणालो. आत बोलावलं. तिनं अर्ज दिला, मी दाखल्यावर शेरा लिहिला, शिक्का मारला, प्राचार्यांची सही आणली. तिच्यामागं भिंतीवर घड्याळ होतं. दहा मिनिटं लागली.

तीही मागं वळून घड्याळाकडे बघत होती. "मागच्या वर्षी पण दहाच मिनिटं लागली असती व्हय सर?"

"हो."

 तिनं दुसरा कागद पुढे केला. डिग्रीला प्रवेश घेताना मधल्या वर्षाचा खंड का पडला, याचं संस्थेचं पत्र लागतं. "कारण काय लिहू, ते तुमीच लिहून द्या."

मी लिहिलं: 'कार्यालयीन कारणास्तव.'

तिनं वाचलं. "असलं लिहिलं की तिथले विचारतात, नापास झालती का, कुठं पळून गेलती का. मग मी सगळ्यांपुढं काय सांगू?"

मी कागद परत घेतला. माफी मागायची असं मी वर्षभर ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं. ते बाहेर आलं ते असं: "माझं चुकलं."

"लिहून द्या की मग," ती म्हणाली. रागानं नाही. झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाइकाला 'किती कॉप्या' विचारावं तसं.

मी नवा कागद घेतला. लिहिलं की सदर विद्यार्थिनी सज्ञान असताना तिची मूळ कागदपत्रे या कार्यालयाने तिच्या संमतीविना दुसऱ्या व्यक्तीस दिली, तसेच तिची खाजगी माहिती कोणताही नियम नसताना उघड केली. त्यामुळे तिचा मागील वर्षीचा प्रवेश होऊ शकला नाही. यात विद्यार्थिनीचा काही दोष नाही. हे काम निम्नस्वाक्षरीकाराने केले आहे. खाली माझी सही, माझं पद. प्राचार्य दोनदा वाचून म्हणाले, "हे असं लिहायची गरज आहे का? उद्या चौकशी लागली तर?" मी म्हणालो, सही माझी आहे. त्यांनी खांदे उडवले.

पत्र हातात घेतल्यावर तिनं आधी मजकूर वाचला नाही. वरच्या कोपऱ्यात बघितलं. जावक क्रमांक होता, तारीख होती. मग वाचलं, घडी घातली, पिशवीत ठेवलं. जावक रजिस्टरात तिनं पोच म्हणून नव्या नावानं सही केली. मी ती कशाशी ताडून पाहिली नाही.

"येते सर," म्हणाली.

पंधरा दिवसांनी यादी लागली. आधीच्या वर्षी लागलेलं कॉलेज नव्हतं. तिथली जागा या खेपेला थोडक्यात हुकली. दुसरं आहे, लांबचं आहे, तिथं वेगळी खोली देतात की नाही मला माहीत नाही. तिला फोन करून विचारायचं धाडस मला होत नाही, आणि तिचा नंबर माझ्याकडे अर्जावर आहे म्हणून तो लावायचा मला हक्कही नाही.

काचेच्या त्या कोपऱ्यात आता रिकामी जागा आहे. तेवढाच चौकोन आजूबाजूच्या लाकडापेक्षा गडद राहिला आहे. पत्राची कार्यालयीन प्रत जावक फाइलीत लावली आहे, क्रमानं, जिथं असायला हवी तिथं. तपासणीला कुणीही आलं आणि पानं उलटली की ती सापडेल. अजून कुणी विचारलेलं नाही. फाइल कुणी मागितली की मी उठून स्वतः काढून देतो आणि मागणारा पानं उलटत त्या पत्रापर्यंत येईस्तोवर तिथंच उभा राहतो.