हलणाऱ्या माणसाला रेषा पडतात

आत्या फोनवर म्हणाली, दादाला एकदा चालताबोलता बघायचंय. दादा म्हणजे तिचा भाऊ, माझे वडील. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. आई त्यांच्याही आधी गेली. माझा भाऊ मस्कतला नोकरीला होता तेव्हा त्याने कॅमकॉर्डर घेतला होता, आणि सुट्टीवर आला की आमच्या कोपरखैरण्याच्या घरात तो डोळ्याला लावून फिरायचा. आता तो कॅनडात असतो. कॅमेरा, अकरा कॅसेटी आणि घर माझ्याकडे राहिलं. आत्या घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहते. तिच्याकडे जुना डबा टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर आहे, त्यावर ती भीमगीतांच्या डिस्क लावते. मोबाइलवर पाठवू का विचारलं, तर म्हणाली, तेवढ्याशा काचेत मला माणसं ओळखू येत नाहीत.

कॅसेटी मी इतकी वर्षं उघडल्या नव्हत्या. वेळ नव्हता असं मी सांगायची, पण तळोज्याच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर वेळेला काय धाड भरली होती? खरं म्हणजे माझा त्या घरावर राग होता. भाऊ आला की माणसं जमायची आणि मी चहाचे ट्रे घेऊन आत-बाहेर करायची. ऑफिसातून येऊन पदर खोचायचा, कांदाभजी तळायची, कप गोळा करायचे. त्या सगळ्या वर्षांत एकाही माणसाने, आईनेसुद्धा, तू पण बस म्हटलं नाही. लग्न राहून गेलं त्याचं मला एवढं वाटत नाही. याचं वाटतं. आत्याचं काम निमित्ताला होतं. अकरा कॅसेटींत एकदा तरी मी त्यांच्यात बसलेली दिसते का, एवढंच मला बघायचं होतं.

सेक्टरातल्या कॅमेरा दुरुस्तीवाल्याने कॅसेटींचं सगळं पेनड्राइव्हवर उतरवून दिलं. रविवारी दुपारी जेवण उरकून मी कॉम्प्युटरसमोर बसले. सोफ्यावर वडील, शेजारी आई, खुर्च्यांवर पाहुणे, सगळे फोटो काढल्यासारखे ताठ. भावाचं फर्मानच असायचं: कॅमेरा चालू असताना बोलायचं नाही, सगळा आवाज आत जातो. म्हणून आमच्या घरचे व्हिडिओ म्हणजे श्वास घेणारे फोटो आहेत. वडिलांच्या शर्टाच्या रेघा, आईच्या नाकातली चमकी, सगळं स्वच्छ. आणि त्यांच्यासमोरून एक बाई जाते, तिच्या अंगाला फणीचे दात फुटलेले. चित्र थांबवलं तर चेहरा आडव्या रेषांत फाटलेला, वेणी एकीकडे, तिची कड दुसरीकडे. ती मी होते.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, कॅमेऱ्याचा दोष नाही. हा जुना कॅमेरा एक चित्र दोन खेपांत घेतो: आधी एकाआड एक ओळी, मग डोळ्याचं पातं लवायच्या आत उरलेल्या. बसलेला माणूस दोन्ही खेपांना तिथेच असतो, त्याच्या ओळी जुळतात. चालणारा तेवढ्यात थोडा पुढे सरकलेला असतो. टीव्हीवर कळत नाही, पण कॉम्प्युटर दोन्ही खेपा एकदम दाखवतो, म्हणून हलणाऱ्या माणसाला रेषा पडतात.

हे ऐकून मला हसू आलं आणि रागही आला. म्हणजे ज्यांना बसायला मिळालं ते शाबूत, आणि राबणारी तेवढी फाटकी.

मग मी हट्टाला पेटले आणि कॉम्प्युटरवरच त्या रेषा घालवायला बसले. एका खेपेच्या ओळी काढून टाकल्या, तर माझे दात गेले, पण आईच्या साडीचे काठ पायऱ्यापायऱ्यांचे झाले. दोन्ही खेपा एकमेकींत मिसळल्या, तर मला दोन फिकट चेहरे आले, एक मागे राहिलेला आणि एक पुढे गेलेला. एकदा खेपांचा क्रमच उलटा लागला. तेव्हा मी एक पाऊल पुढे, अर्धं मागे अशी दारुड्यासारखी थरथरत स्वयंपाकघरात गेले. शेवटी मिसळलेलंच बरं म्हणून तेच ठेवलं. त्यात आणखी एक फायदा झाला. सोफ्यावर आईच्या बाजूला, रिकाम्या जागेवर, बऱ्याच ठिकाणी रेषांचा एक छोटा पुंजका दिसत होता. टेप तिथे खराब झाली असावी. मिसळल्यावर तोही पुसट झाला.

तीन रविवार असे गेले. फ्लॅटमध्ये तेवढे दिवस माणसं आहेत असं वाटायचं. कॉम्प्युटर बंद केला की पंख्याचा आवाज यायचा आणि मला उगाच रडू यायचं. अकराही कॅसेटी संपल्या. मी एकदाही बसलेली नव्हते.

डिस्क कुठली घ्यावी विचारायला दुरुस्तीवाल्याच्या दुकानात गेले, तेव्हा माझा सगळा खटाटोप ऐकून त्याने कपाळाला हात लावला. "मॅडम, डबा टीव्हीवरच बघायचंय ना? मग रेषांना हातच लावू नका. तो टीव्हीपण दोन खेपांतच दाखवतो. जसं आहे तसं डिस्कवर टाका, फक्त पहिली खेप पहिली राहू द्या." तीन रविवारांची मेहनत मी त्याच संध्याकाळी पुसून टाकली.

डिस्क घेऊन आत्याकडे गेले. दारातच जय भीम झाला, आणि चपला काढेपर्यंत तिने प्लेअर चालू केला होता. वडील दिसले तशी ती डोळ्यांना पदर लावून बसली. मग मी आले. सबंध, एकही रेष नाही. वेणी हलतेय, ट्रे सांभाळतेय, नजर कपांवर. इतकी तरुण होते मी, आणि इतकी घाईत. मी स्वतःलाच बघत बसले, तेवढ्यात आत्या म्हणाली, "वहिनीचा हात बघ गं."

आईच्या बाजूला ती रिकामी जागा होती. आईचा चेहरा ताठ, नजर कॅमेऱ्यात, भावाने सांगितल्याप्रमाणे ओठ मिटलेले. आणि उजवा हात हळूहळू सोफा थोपटत होता.

"कधीची थोपटतेय," आत्या म्हणाली. "तुला बोलावतेय ना ती. बस म्हणतेय."

मी रिमोट घेऊन चित्र मागे नेलं. दुसरी सुट्टी लावली, मग तिसरी. साडी वेगळी, पाहुणे वेगळे, आणि मी ट्रे घेऊन दारात आले की आईचा हात चालू व्हायचा. ज्याला मी टेपचा डाग समजले आणि पुसून टाकायला निघाले, तो हा हात होता. मी एकदाही तिकडे बघितलेलं नव्हतं. तेव्हा कप बघत होते आणि आता स्वतःला.

आत्याला वडील बघायचे होते, पण तिने रिमोट माझ्याच हातात राहू दिला. मी पुन्हा चित्र मागे नेलं. मी दारातून आले. आईचा हात हलला.

"अगं, बस ना जरा," मी टीव्हीला म्हटलं.

ती ट्रे घेऊन आत गेली.