काळ्या गडावर आक्काचा योद्धा

नाशिकहून कोल्हापूरची बस धरली तेव्हा पिशवीत चोळायचं तेल होतं, मनुका होत्या आणि बायकोने लिहून दिलेली पथ्यं होती. माझी थोरली बहीण, आक्का, न्हाणीत पाय घसरून पडली होती. उजवं मनगट मोडलेलं. दाजी (मेहुणे) जाऊन दोन वर्षं झाली, मुलगी बंगळूरला नोकरीत. "मधू, चार दिवस ये. हाताचं काम हाय," आक्का फोनवर म्हणाली. हाताचं काम म्हणजे स्वयंपाकपाणी, असं मी धरून चाललो.

स्टँडवर रिक्षावाल्याने आधी माझी पिशवी आत टाकली, मग विचारलं, "पावणं (पाहुणे), कुठं जायचं?"

"रंकाळ्याजवळ."

"मग बसा की! हुबं का ऱ्हायलाय?"

तो रागावला, असं वाटून मी मुकाट बसलो. उतरताना त्यानेच पिशवी दारापर्यंत आणून दिली. तेव्हापासून जो गोंधळलो, तो चार दिवस गोंधळलेलाच राहिलो.

घरात स्वयंपाक तयार होता. शेजारणीने भाकरी आणि अख्खा मसूर आणून ठेवला होता. शेवटचा घास गिळतो न गिळतो तोच आक्काने मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि कानाला हेडफोन लावला. पडद्यावर हिरव्या टेकड्या होत्या आणि हातात कुऱ्हाड-ढाल घेतलेला एक राकट दाढीवाला.

"ह्यो मी," आक्का म्हणाली.

देशोदेशीची माणसं एकाच वेळी खेळतात असला हा खेळ. तिचा योद्धा छत्तिसाव्या लेव्हलला होता. रविवारी दुपारी तिच्या टोळीचे पाच जण काळ्या गडावर जाणार होते आणि चाळीसच्या खाली कुणाला आत सोडत नाहीत.

"आणि चाळीस झाली नाही तर?"

"दुसरा योद्धा घेतील. मी वर्षभर वाट बघत्येय, मधू."

आज गुरुवार होता. मी रानडुकरं मारायला लागलो. मारलेलं डुक्कर जरा वेळाने त्याच जागी पुन्हा उभं राही.

"परत उठतंय तर मारायचं कशाला?"

"लेव्हल वाढती."

"वाढून काय होतं?"

"मोठी डुकरं मारता येत्यात."

तेवढ्यात कानात एक बाईचा आवाज आला, "आवो पावणं, पाठ फिरवून काय हुबं हाय? ढाल वर करा की!"

ही भाग्यश्री. राधानगरीकडची, खेळातली वैद्य. जखमी झालेल्यांना बरं करणं तिचं काम. सकाळी म्हशींच्या धारा काढून, दूध डेअरीला घालून ती खेळायला बसायची. तिने त्या दिवशी मला किती वेळा मरताना पाहिलं, देव जाणे. तळ्यात बुडालो, कड्यावरून पडलो, एकदा आमच्याच माणसावर कुऱ्हाड चालवली.

शुक्रवारी सदतीस झाली आणि मी घात केला. लोहाराकडे ढाल दुरुस्तीला दिली, त्याने इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि मी 'हो' दाबलं. ढाल विकली गेली, ती परत येईना. ती ढाल मिळवायला आक्काला आठ महिने लागले होते. ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. जेवायला हाक मारली तरी उठली नाही.

हेडफोन माझ्या कानालाच होता. "आय्या! ढाल इकली?" भाग्यश्री म्हणाली. "आन् आक्का?"

"बोलत नाहीये."

ती मग म्हणाली, "दाजी गेल्यावर लेकीनं ह्यो खेळ लावून दिला न्हवं? पयले तीन म्हैने आक्का आमच्यासंगं नुसत्या फिरायच्या. शबूद न्हाय तोंडातनं. एक दिस मला लांडग्यांनी घेरलं, तवा वरडल्या, 'भागे, माझ्या मागं हो!' तवापास्नं रोज बोलतोय आमी. मी त्यास्नी अजून बघितलं बी न्हाय."

त्या तीन महिन्यांत मीही दर रविवारी आक्काला फोन करत होतो. आवाजावरून ती मला ठीक वाटायची.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"काय म्हंजी? पैरा (एकमेकांच्या शेतात पाळीपाळीनं राबणं) हाय ह्यो. आजवर त्या माझ्यासाठी राबल्या. लाकडी ढाल घ्या आन् चला."

शनिवारभर ती माझ्यासोबत राबली. रविवारी सकाळी चाळीस झाली. आक्का दाराशी येऊन उभी राहिली होती, ते मला कळलंही नाही.

दुपारी गडाच्या दारात मी भलतीकडेच वळलो आणि पाचही जण मेले. दुसऱ्यांदाही तेच. टोळीतला एकजण हिंदीत करवादला, "इसको किसने भेजा है?" तेव्हा आक्काने खुर्ची ओढली. प्लास्टरचा हात माझ्या खांद्यावर टेकवला आणि डाव्या हातात माउस घेतला. "मी चालवत्ये. तू फकस्त बटणं दाब. ढाल! ढाल! आता कुऱ्हाड! मधू, ढाल म्हणत्ये न्हवं!"

तिसऱ्या खेपेला दार उघडलं. आतल्या पहिल्याच दालनात एका दहा हातांच्या राक्षसाने आम्हाला मिनिटभरात संपवलं. आक्का डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

"हरलो ना आपण?" मी विचारलं.

"व्हय की! पर आत गेलतो!"

सोमवारी सकाळी मी निघत होतो, तेवढ्यात कुणीतरी कडी वाजवली. दारात साडीवर स्वेटर घातलेली एक बुटकी, सावळी बाई, हातात खरवसाचा डबा. "आक्का हितंच ऱ्हात्यात न्हवं?" तिने विचारलं. आवाज ऐकून आक्का आतून पळतच आली आणि मधेच थबकली. रोज बोलणाऱ्या त्या दोघी पहिल्यांदाच एकमेकींना बघत होत्या. शेवटी भाग्यश्रीने डबा खाली ठेवला आणि आक्काचं प्लास्टर हळूच दोन्ही हातांत धरलं. मी पिशवी उचलून निघालो. कुणाचं लक्षही नव्हतं.

कोल्हापूरला जाऊन मी पन्हाळा पाहिला नाही, देवीला गेलो नाही, रंकाळ्यावरही फिरलो नाही. मारलेली डुकरं परत का उठतात, हेही मला अजून कळलेलं नाही. घरी पोचल्यावर बायकोने ताट वाढलं आणि विचारलं, "कशा आहेत आक्का?" मी सांगायला सुरुवात केली. आमटी गार झाली, तिने ती पुन्हा तापवून आणली, तरी माझं सांगणं चालूच होतं.