अमरावतीत उठतो, अकोल्यात झोपतो

माझ्या वडिलांच्या अकोल्याच्या घरात एक म्हातारा कॉम्प्युटर आहे. विंडोज त्याला झेपेना झालं होतं. बटण दाबावं, चहा ठेवावा, चहा पिऊन कप विसळून पालथा घालावा, तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतच. शेवटी मी त्याऐवजी फुकट मिळणारं, हलकं लिनक्स टाकून दिलं. हलकं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला पुरणपोळीऐवजी वरण-भाकर. मशीन तरतरीत झालं. मी अमरावतीला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे या एका विषयात तरी घरात माझा शब्द चालतो. बाकी विषयांत कुणाचाच चालत नाही, कारण तिथं बाबांचा चालतो.

बाबा रेल्वेत गार्ड होते. रिटायर होऊन पुष्कळ वर्षं झाली, पण अजूनही सकाळी कॉम्प्युटरसमोर बसून अकोल्यावरून जाणाऱ्या गाड्या कुठवर आल्या ते बघतात आणि उशीर झालेल्या गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. तो झाला की पुण्याला दादाला व्हिडिओ कॉल. हा कॉल म्हणजे आमच्या घरातला तह होता.

झालं असं, की गेल्या उन्हाळ्यात आई गेली आणि दादानं ठरवलं, बाबांनी आता पुण्याला राहायला यावं. बाबांनी ठरवलं, दादाचं डोकं फिरलं. दोघांच्या मध्ये मी उभी राहिले आणि तह घडवून आणला. बाबांनी अकोल्यातच राहावं, पण रोज सकाळी दादाला तोंड दाखवावं. साधा फोन चालणार नाही, कारण तापानं फणफणलेले असले तरी बाबा फोनवर ‘मस्त’च असतात. स्मार्टफोन देऊन पाहिला होता, पण त्यांच्या बोटांनी तो कुणालाही लागायचा. एकदा भल्या पहाटे माझ्या सासूबाईंना लागला आणि बाबांनी त्यांना गाड्यांवरून झाप झाप झापलं. तेव्हापासून तो कपाटात आहे. राहिला कॉम्प्युटर. तोंड दिसायचं बंद झालं की पुण्याची गाडी, असं दादा बोलून बसला आणि बाबा ‘बरं’ म्हणून बसले. बाबा दिलेल्या शब्दाला पक्के आहेत. ही आमच्या घरातली फार जुनी अडचण आहे.

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा बटणाच्या फोनवरून फोन आला.

“पोरी, तुह्या लिनक्सनं राम म्हटला.”

“काय दिसते पडद्यावर?”

“काया ठिक्कर पडदा. इंग्रजीत ग्रब लिहेल हाय, आन् त्याच्या म्होरं एक दांडी लुकलुक करून राहिली. गाडी उभी हाय, सिग्नल भेटून नाई राहिला.”

गार्डाचं निदान तसं बरोबर होतं. लिनक्स उठायच्या आधी ग्रब नावाचा एक छोटा प्रोग्राम जागा होतो आणि त्याला उठवतो. इथं ग्रब स्वतः उठून बसला होता आणि लिनक्सला उठवायचं सोडून हुकमाची वाट बघत होता. सरकारी कचेरीत असे पुष्कळ असतात. मी फोनवरून एकेक अक्षर सांगितलं, बाबांनी एका बोटानं टाइप केलं आणि गार्ड-ड्रायव्हरच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक अक्षर मोठ्यानं परत म्हणून दाखवलं. “ई? ई. एक्स? एक्स.” अर्धी गल्ली कॉम्प्युटर बूट कसा करायचा ते शिकली. मशीन काही शिकलं नाही.

दुपारी दादाचा फोन. “आज बाबा दिसले नाहीत.”

“मशीन बिघडलंय. बाबा ठीक आहेत.”

“तुला कसं माहीत?”

त्यानं माझ्यावर न विसंबता शेजारच्या चाचांना फोन केला होता. चाचांचं सायकलचं दुकान आता त्यांचा मुलगा बघतो, त्यामुळे त्यांना आमच्या घरात लक्ष घालायला भरपूर वेळ असतो. ते जाऊन बघून आले आणि दादाला म्हणाले, “एकदम फस्क्लास है. मेरेकोच गाली दिये.” तरी दादाचं समाधान होईना. त्यानं दिवाळीपर्यंत मुदत दिली. तोवर कॉम्प्युटर सुरू झाला तर ठीक, नाहीतर भाऊबीज करून तो बाबांना घेऊन जाणार. पुण्यात बसून अकोल्याच्या शेळ्या हाकायला उंट मोठाच लागतो, आणि दादाकडे तो आहे. पण त्याची काळजी खोटी नव्हती, हेही मी सांगून टाकते. रात्री-अपरात्री फोन वाजला की मीसुद्धा आधी अकोल्याचाच विचार करते.

मी म्हटलं, माझा लॅपटॉप ठेवून जाते. बाबा म्हणाले, “तुह्या मशीनीवर माहं तोंड? हे लबाडी झाली. माही गाडी, मीच चालवीन.”

पहिल्या रविवारी मी अकोल्याला गेले. ग्रबपुढे हातानं सगळे हुकूम टाइप केले तर लिनक्स निमूट उठलं, पण रोज एवढं टाइप करणं बाबांच्या एका बोटाला झेपणारं नव्हतं. बंद करून पुन्हा सुरू केलं, पुन्हा काळा पडदा. ग्रब नव्यानं बसवलं, काळा पडदा. पेनड्राइव्हवरून सुरू करायला गेले, तिथंही तोच. तिथंही हातानं हुकूम देऊन, सगळं पुसून लिनक्स पहिल्यापासून टाकलं. या दरम्यान बाबांनी मला तीनदा चहा दिला आणि चारदा विचारलं, “याच्यापेक्षा ते आधीचं बरं नव्हतं काय वं?” काळा पडदा. मी सीपीयूचा खोका चादरीत गुंडाळला आणि माझ्या घरी नेऊन बघते म्हणाले.

अकोल्याहून अमरावतीजवळच्या बडनेऱ्यापर्यंत रेल्वेत तो खोका मांडीवर होता. समोरच्या बाईनं विचारलं, “मिक्सर हाय काय?” मी हो म्हटलं. तिला ग्रब समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. बडनेऱ्याहून ऑटोनं घरी आले, माझा मॉनिटर आणि माझा कीबोर्ड जोडला, बटण दाबलं. पहिल्या झटक्यात सुरू. संध्याकाळभर दहा वेळा बंद केला, दहाही वेळा गुणी बाळासारखा उठला. तरी रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून तिचे दात खोडरबरनं घासले, हे आमच्या धंद्यातलं लिंबू-मिरची आहे, आणि पुढच्या रविवारी खोका अकोल्याला परत आणला.

काळा पडदा. ग्रब. लुकलुकणारी दांडी.

यावर मतं देणाऱ्यांची काही कमी नव्हती. चाचा म्हणाले, “ये फुकट का माल है ताई, फुकट की चीज का ऐसाच होता.” बाबांचं मत पडलं की अमरावतीचं पाणी गोड आहे, अकोल्याचं खारं, म्हणून मशीनला मानवत नाही. मशीन पाणी पीत नाही असं मी म्हटलं, तर म्हणाले, “हवा तं खाते ना?” माझ्या नवऱ्याचं मत होतं की कॉम्प्युटरला माहेरपण हवं आहे. मी व्होल्टेज मोजलं, अर्थिंग तपासलं, वायरिंग बघितलं, बाबांना उलटसुलट विचारलं की वीज गेली होती का, पाणी सांडलं का, उंदीर दिसला का. “नाई, नाई, दिसला तं चाचाच दिसते.” खोका पुन्हा चादरीत आणि पुन्हा बडनेरा. या खेपेला हार्ड डिस्क बदलली. अमरावतीत पुन्हा पहिल्या झटक्यात सुरू. वर्गात मुलांना ‘दोष पायरी-पायरीनं शोधावा’ असं शिकवताना माझीच जीभ अडखळायला लागली.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी तिसऱ्यांदा गेले, तेव्हा पुढच्या खोलीत बाबांची गार्डाची लोखंडी पेटी उघडी पडली होती. त्यात घडी केलेले शर्ट, औषधं, दाढीचं सामान. भिंतीवर जिथं आईचा फोटो असायचा तिथं फिकट चौकोन दिसत होता. फोटो टॉवेलात गुंडाळून पेटीत सगळ्यात खाली ठेवला होता.

“बाबा, आजून दिवाळी यायची हाय.”

“शबुद देल्ला हाय. गाडीच्या टायमाले बोचकं बांधत नाई मी.”

मी खोका जोडला. काळा पडदा. आणि मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, कॉम्प्युटर शिकवणारी बाई कॉम्प्युटरपुढे बसून हमसून हमसून रडली. बाबा पुण्यात कुणाला शिव्या देणार? सकाळी उठून कुठल्या फलाटाच्या गाड्या बघणार? माझा अकोल्याचा उंबरा जाणार होता, आणि तो एका लुकलुकणाऱ्या दांडीपायी जाणार होता. रडून झाल्यावर राग आला. मी तो कीबोर्ड उचलला आणि पालथा करून टेबलावर आपटला, एकदा, दोनदा.

पोह्यांचा चुरा पडला. शेवेचे तुकडे पडले. मग तांदळाचे दाणे पडले. कुंकवानं लाल झालेले.

मी एक दाणा बोटावर उचलून धरला.

“बाबा, हे काय हाय?”

बाबा खिडकीकडे बघायला लागले. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. ज्याच्यावर घर चालतं ते हत्यार. आईचं शिलाई मशीन, बाबांची शिट्टी आणि झेंड्या, स्कूटर, आणि अलीकडे कॉम्प्युटर. पूजा आई करायची. आधी कीबोर्ड स्वच्छ टॉवेलनं झाकायची, मग खोक्याला अनामिकेनं कुंकवाचा टिपका लावायची आणि मॉनिटरच्या डोक्यावर नेमक्या चार अक्षता ठेवायची. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. पण जन्मभर शिलाई मशीन चालवल्यामुळे फटीत काय जाऊ द्यायचं नाही हे पक्कं कळत होतं. या वर्षी पूजा बाबांनी केली होती.

“किती टाकल्या अक्षदा?”

“मूठभर. लगनात टाकतो तशा.” मग खिडकीकडेच बघत, “जोरात टाकल्या.”

“मले सांगितलं काहून नाई? उंदीर इचारला, वीज इचारली, पाणी इचारलं...”

“पूजा कुठी इचारली तू?”

हे खरं होतं. मी आईच्या डब्यातली सुई घेतली आणि एकेक बटण उचकलं. डाव्या कोपऱ्यातल्या एस्केपच्या बटणाखाली एक दाणा आडवा जाऊन बसला होता, बटण दाबून धरून. ग्रब जागा झाला की एस्केप दाबलेलं दिसायचं आणि तो बिचारा समजायचा, मालकांना लिनक्स नको आहे, दुसरं काही सांगायचं आहे. मालक काही सांगेनात, तो वाट बघत बसायचा. अमरावतीला जायचा तो नुसता खोका. कीबोर्ड तिथं माझा. सगळा बिघाड अकोल्यातच, बाबांच्या हाताखाली पडून होता.

“काखेत कळसा,” मी म्हटलं.

“आन् गावाले वळसा,” बाबा म्हणाले. “दोनदा बडनेऱ्यावरून.”

दाणा निघाला. बटण दाबलं. चहा ठेवायलाही वेळ न देता लिनक्स उठून उभं राहिलं. बाबांनी आधी गाड्या बघितल्या. एक उशिरानं होती, तिला इतक्या आठवड्यांच्या राहिलेल्या शिव्या एकदम मिळाल्या. मग त्यांनी दादाला कॉल लावला.

दादा पडद्यावर आला, अर्धी दाढी झालेली. बाबांना बघून त्यानं आधी मोठा श्वास सोडला. मग म्हणाला, “झालं सुरू? काय झालं होतं?”

मी बाबांच्या खुर्चीमागे उभी होते. मला एका क्षणात पुढचं सगळं दिसलं. बाबांनी मूठभर तांदूळ कॉम्प्युटरवर फेकले आणि नंतर ते त्यांच्या लक्षातही आलं नाही, एवढं कळलं की बाबा एकटे राहू शकत नाहीत याला दादाला दुसरा पुरावा लागणार नव्हता. “लिनक्सचं अपडेट बिघडलं होतं,” मी म्हटलं. “चूक माझीच. मीच नीट टाकलं नव्हतं.” ज्या लिनक्ससाठी मी चाचांशी, नवऱ्याशी, अख्ख्या गल्लीशी भांडले होते, त्याच्यावर मी आळ घेऊन मोकळी झाले.

“खोटं बोलून राहिली ते,” बाबा म्हणाले.

“बाबा...”

“थांब वं. म्या केलं रे बाप्पा. दसऱ्याची पूजा केली, अक्षदा टाकल्या, एक दाना बटनाखाली गेला. हे बिचारी खोका घेऊन बडनेऱ्याच्या खेपा घालून राहिली आन् मले सुचलंच नाई.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “तुही माय करे ते काम. मले येत नाई. करता करता डोये भरून आले, काई दिसलं नाई, म्हनून मूठ फेकून देल्ली आन् उठलो. पयलाच दसरा होता ना तिच्याबिगर. पुढच्या दसऱ्याले बराबर करीन. अठीच करीन.”

दादा पडद्यावर हलेनाच. पडदा अडकला की काय असं वाटून मी माउस हलवून बघितला. अडकला नव्हता. दादा बाबांच्या खांद्यावरून मागे कुठंतरी बघत होता.

“बाबा,” तो म्हणाला, “आईचा फोटो कुठं आहे?”

“पेटीत ठेवला.”

“काढा,” दादा म्हणाला. “परत लावा भिंतीवर. मला रोज तुमच्या मागे ती दिसायची.”