भिंतीवरचं प्रमाणपत्र

आज सकाळी दूध सोसायटीत किटली ठेवताना किसनमामा कोसळले. श्वास बंद.

"सर, तुमी तर शिकलेले हाय! दाबा की छाती!" सोसायटीचा सचिव माझ्याकडे बघून ओरडला.

गेल्या उन्हाळ्यात याच खोलीत सरकारी खर्चाने छाती दाबून जीव वाचवायचं, सीपीआरचं प्रशिक्षण झालं होतं. आम्ही हजेरीवर सह्या केल्या आणि तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. सगळे हंडे घेऊन पळालो. शिकवणाऱ्या बाई रबरी पुतळ्यापाशी एकट्याच उरल्या. प्रमाणपत्रं मात्र सगळ्यांना मिळाली. माझं घरात भिंतीवर आहे.

मी मामांजवळ गुडघे टेकले. हात कुठे ठेवायचे, तेच कळेना. त्यांचे डोळे उघडे होते.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्यायला निघालो, पण मामा वाटेतच गेले.

तुमच्यापैकी कुणी ते प्रशिक्षण शेवटपर्यंत बसून घेतलंय का? हात नेमके कुठे ठेवायचे असतात?