डोळे न आखलेलं वर्ष

आमच्या हमरापुरात नको असलेली गोष्ट पुढे ढकलायला एकच उत्तर असतं: गणपती गेल्यावर. दाढ काढायची? गणपती गेल्यावर. पुतणीचा साखरपुडा? गणपती गेल्यावर. घराघरात गणपतीच्या मूर्ती घडतात, त्यांच्या रांगा लागलेल्या असतात, आजारी पडायलासुद्धा कुणाला सवड नसते. मी मात्र पडले.

ताप नाही, खोकला नाही. माझं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखण्याचं. लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या कारखान्यातले सगळे डोळे माझ्या हातचे. बुबुळात पांढरा ठिपका पडला की मूर्ती आपल्याकडे बघायला लागते, आणि दर वेळी माझ्या पोटात काहीतरी हलायचं. त्या सीझनला हललंच नाही. ठिपका देत गेले, मूर्ती पुढे सरकवत गेले. मग जेवणाची चव गेली, झोप गेली, मुलं हसली तरी मला काही वाटेना. मीठमोहऱ्या उतरवून झाल्या. शेवटी नवऱ्याने रोह्याच्या मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पेण जवळ, पण तिथे दवाखान्यात बसलं की औषध हातात पडायच्या आत बातमी घरी पोचते. म्हणून गाडीने रोहा. पेण स्टेशन आलं की मी पदर तोंडावर ओढून झोपेचं सोंग घ्यायची.

बाईंनी गोळी दिली, रोज सकाळी नाश्त्यानंतर. फरक पडायला काही आठवडे लागतील म्हणाल्या, आणि सुरुवातीला थोडं मळमळेल, अस्वस्थ वाटेल. थोडं! माझे पाय जमिनीवर ठरेनात. चूल ते पडवी, पडवी ते चूल. थोरली जाऊ वैतागली. "काय गो, काय हरवलंय तुझं?"

हळूहळू मळमळ थांबली, झोप लागायला लागली. पण उजव्या हाताला बारीक कंप राहिला. चहाचा कप धरायला काही अडत नव्हतं. आखणीचा ब्रश धरला आणि पापणीची रेष थरथरली. पुसली, पुन्हा काढली, पुन्हा थरथरली. गणपती दचकल्यासारखा दिसायला लागला. नवा सीझन तोंडावर आला होता.

जाऊ जिभेने तिखट, मनाने प्रेमळ. म्हणाली, "गोळी काय पळून जाते? सीझन हाय गो. आता नको घेव. गणपती गेल्यावर घे परत."

मला पटलं. दाढ थांबते, साखरपुडा थांबतो, मग गोळीला काय झालं?

गोळी सोडली आणि काही दिवसांतच मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. चक्कर, घाम, भलतीसलती स्वप्नं. हात थांबायचा राहिला बाजूला, मीच सगळी थरथरायला लागले. एका दुपारी रंगाची वाटी भिंतीवर फेकली आणि का फेकली ते मला सांगता येईना. तेव्हा नवऱ्याने ऐन सीझनात काम टाकलं. आमच्याकडे हे कुणी करत नाही. गाडीत मला बसवेना, रोह्यापर्यंत मी दारापासून सीटपर्यंत येरझाऱ्या घातल्या.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. मला त्याचाच राग आला.

"ही गोळी अशी एकदम तोडायची नसते," त्या म्हणाल्या. "बंद करायची वेळ येईल तेव्हा आपण हळूहळू कमी करू. हात थरथरतो म्हणून मला फोन केला असतात तरी चाललं असतं."

"पण डोळे कोण काढणार?"

"कंप बहुतेक कमी होईल. नाही झाला तर डोस बघू, नाहीतर गोळी बदलू. पण मला विचारून. यंदा डोळे दुसऱ्या कुणालातरी काढू देत."

दुसऱ्या कुणालातरी! घरी येईपर्यंत मी नवऱ्याशी भांडले. पण बाईंनी सांगितली तशी गोळी पुन्हा सुरू केली. नवरा रोज सकाळी पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभा राही, मी गिळेपर्यंत हलत नसे.

त्या वर्षी डोळे जावेने काढले. माझ्याकडे पीतांबर रंगवायचं काम आलं, तिथे हात हलला तरी खपतं. मी पिवळा रंग फासत बसले, आणि मूर्तींच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

गणपती न्यायला गिऱ्हाइकं यायला लागली. पेणची एक बाई जावेच्या हातच्या मूर्तीसमोर थांबली. "काय डोळे काढलेत हो! बघतच राहावं."

जाऊ लाजली. माझ्या पोटात आग पेटली. डावा डोळा वर चढलाय, दिसत नाही का हिला? पापणी केवढी जाड! जावेच्या हातातला ब्रश हिसकावून घ्यावासा वाटला. कान तापले, डोळ्यांत पाणी आलं.

आणि तशीच, पिवळा ब्रश हातात धरून, मी थबकले. मला हेवा वाटत होता. केवढ्यातरी काळाने मूर्तीचे डोळे बघून माझ्या पोटात काहीतरी हललं होतं.

मी मान वर करून मूर्तीकडे पाहिलं. त्या वर चढलेल्या डोळ्याने ती माझ्याकडेच बघत होती.