देवापुढचा ग्लुकोजचा डबा

माझी मुलगी मॅरेथॉन धावते. परवा तिच्यासोबत परळच्या मॉलमध्ये एनर्जी जेल घ्यायला गेलो. जेल म्हणजे धावताना तोंडात पिळायच्या गोड, चिकट पाकाची बोटभर पाकिटं. जिथं माझे वडील कापड विणायचे साचे चालवायचे, त्या गिरणीच्या जागेवर आता हे विकतात. तिनं तीन प्रकार निवडले. आधी सरावात एकेक खाऊन बघणार, पोटाला मानवेल तेच शर्यतीला नेणार म्हणाली. मला हसू आलं, पण ते काही चांगलं हसू नव्हतं.

गिरण्यांच्या संपाच्या वर्षी वडील घरी बसून होते. एका कंपनीत खेळाडूंची भरती निघाली. दहा किलोमीटरच्या चाचणीत पहिल्या तिघांत आलो की नोकरी. मी घोडपदेवहून रोज पहाटे धावायला लागलो. आईनं कुठून तरी ग्लुकोज पावडरचा डबा मिळवला आणि देवापुढं ठेवला. आमच्याकडे चांगली वस्तू वापरायची नसते, जपायची असते. महिनाभर त्याच्या झाकणाला कुणी हात लावला नाही.

चाचणीच्या दिवशी आईनं डबा आणि पाण्याची बाटली हातात दिली. पाण्यात कालवून थोडं थोडं घे, असं दोनदा बजावलं. पण पाण्यानं पोट जड होतं, हे आम्हा पोरांचं शहाणपण! अर्धा डबा कोरडाच बोकाणे भरून खाल्ला. निम्म्या वाटेत पोटात अशी कळ आली की रस्त्याकडेला ओणवा झालो. बाकीचे पुढं निघून गेले.

घरी येऊन आईला म्हणालो, "तुझ्या डब्यानं माझी नोकरी घालवली."

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. पुढं जन्मभर बिल्डिंगांच्या गेटवर वॉचमन म्हणून बसलो आणि डोकं फिरलं की हेच वाक्य तिला ऐकवत राहिलो. ती उलटून कधीच बोलली नाही.

दुकानात मुलगी सहज म्हणाली, "बाबा, यावर पाणी प्यायलाच लागतं. नुसतं खाल्लं तर पोट धरतं."

आई शेवटची आजारी होती तेव्हा नर्स ग्लुकोज चढवायला आली. आईनं हात मागं घेतला. "नको गो बाय," ती म्हणाली, "त्यानंच माझ्या पोराची नोकरी गेली."

मी खाटेशीच उभा होतो. चाचणीच्या दिवशी पाण्याची बाटली मी उघडलीच नव्हती, हे तेव्हाही तिला सांगितलं नाही.